ज्या विषाला आपण औषध म्हणतों

झुरळांचें औषध, ढेकणांचें औषध, फवारणीचें औषध, असे शब्द आपल्या घरांत सहज उच्चारले जातात. जन्मभर वह्या तपासलेल्या माझ्यासारख्या मास्तराची या शब्दाबद्दल तक्रार आहे. कारण ज्याला औषध म्हणावें, तें पुढें औषधांच्याच फळीवर जाऊन बसतें.

बिहारमध्यें सारण जिल्ह्यांतील गंडामन येथील शाळेंत १६ जुलै २०१३ रोजीं माध्यान्हीचें भोजन जेवून २३ मुलें दगावलीं. स्वयंपाकाच्या तेलांत मोनोक्रोटोफॉस हें कीटकनाशक सांपडलें. जेवणाची चव बिघडल्याची तक्रार मुलांनीं केली होती. "अन्नाला नांवें ठेवूं नका," असें पंक्तींतल्या मुलांना मींही कितीदां दटावलें आहे!

हें विष पोटांत जावेंच लागतें असें नाहीं. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना वीसांहून अधिक माणसें प्राणास मुकलीं. तें त्वचेवाटे आणि श्वासावाटे भिनलें होतें.

ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचीं हीं विषें करतात काय? मज्जातंतूनें स्नायूला दिलेला निरोप, फळ्यावरील अक्षरांप्रमाणें, लगेच पुसला जावा लागतो. पुसण्याचें काम करणारें द्रव्य हें विष निकामी करतें. मग लाळ, घाम, अश्रु थांबत नाहींत, बाहुल्या टांचणीच्या टोंकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात, छाती स्रावानें भरून येते.

अशा वेळीं मिठाचें पाणी पाजून उलटी करवूं नये. ती श्वासनलिकेंत उतरते. दूधतूपही देऊं नये. हातमोजे घालून रोग्याचे कपडे उतरावे, साबणपाण्यानें अंग धुवावें, त्याला कुशीवर निजवावें आणि विलंब न लावतां रुग्णालयांत न्यावें. तेथें प्राणवायूबरोबर ॲट्रोपीन शिरेंतून देतात. धोतऱ्याच्या कुळांतलें हें द्रव्य स्वतः विषारी, पण छातींतील घरघर थांबेपर्यंत त्याची मात्रा दर कांहीं मिनिटांनीं वाढवीत नेतात. जोडीला प्रॅलिडॉक्सीमही बहुधा देतात. रोगी शुद्धीवर आला म्हणून घरीं नेण्याची घाई करूं नये. एकदोन दिवसांनीं मान उचलवेनाशी होते, श्वास मंदावतो, आणि यंत्राची गरज लागते.

विषाचा डबा बरोबर न्यावा, त्यावरील नांवावरून डॉक्टरांस उपचार ठरवितां येतो. हें सांगायचें ठरलें तेव्हां मीं आमच्याच घरीं शोध घेतला. मोरीजवळ सरबताची एक बाटली निघाली. तींत काय भरलें आहे, हें घरांत कोणालाच सांगतां आलें नाहीं.