‘स्थळ’ चित्रपट आणि आपली वधू-वर सूची

(झरी जामणी येथे ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले एक निवृत्त शिक्षक. चित्रपटकलेवर अधिकारवाणीने बोलावे एवढी आमची पात्रता नाही. तथापि एका चित्रपटाविषयी आज बोलणे आम्हांस कर्तव्य वाटते. कारण त्याचा विषय आपल्या प्रत्येकाच्या ओसरीवरचा आहे.

श्री. जयंत दिगंबर सोमलकर यांनी आपला ‘स्थळ’ हा पहिला चित्रपट शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावी तयार केला. कलाकार बहुतांशी नवखे, गावाकडचे. बोली आपल्या मुलखाची. सविता ही कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी. तिला शिकावयाचे आहे; घराला तिचे लग्न उरकावयाचे आहे. पाहुणे येतात, ती त्यांच्यासमोर बसते, नाव, शिक्षण, उंची विचारली जाते. आणि सावळा रंग व कमी उंची यांपायी नकार येतो. पुन्हा नवे पाहुणे, पुन्हा तेच प्रश्न.

अशा चित्रपटाचा प्रचार करावयाचा कसा? बड्या निर्मात्याजवळ पैसा असतो, नामांकित नट असतात. स्वतंत्रपणे काढलेल्या पहिल्या चित्रपटाजवळ यांपैकी काहीच नसते. त्याला महोत्सवांची वाट धरावी लागते. तेथे निवड झाली की वृत्तपत्रे दखल घेतात, पारितोषिक मिळाले की वितरक दार उघडतात. ही वाट मराठीस नवी नाही. प्रभातच्या ‘संत तुकाराम’चा व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली गौरव झाला. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या पहिल्या चित्रपटाने २०१४ साली तेथेच दोन पारितोषिके मिळविली आणि २०१५ साली तो आपल्या चित्रगृहांत आला.

‘स्थळ’ सप्टेंबर २०२३ मध्ये कॅनडातील टोरांटोच्या महोत्सवात, नवोदित दिग्दर्शकांसाठी असलेल्या विभागात, प्रथम दाखविला गेला. आशियाई चित्रपटांसाठीचे ‘नेटपॅक’ पारितोषिक त्यास तेथे लाभले. पुढे ज्येष्ठ अभिनेते सचिन पिळगावकर प्रस्तुतकर्ते म्हणून पाठीशी उभे राहिले आणि ७ मार्च २०२५ रोजी, म्हणजे तब्बल दीड वर्षाने, तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. सवितेप्रमाणे या चित्रपटासही परक्यांपुढे जाऊन बसावे लागले. भेद एवढाच की, परीक्षकांनी त्याची उंची मोजली नाही. त्याचे म्हणणे ऐकून घेतले.

कोणी म्हणतील, घरची उणीदुणी परदेशी कशाला मांडावी? आमचे मत निराळे आहे. आरशावर रागावून चेहरा उजळत नाही. वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या कित्येक हुशार मुली दहावीनंतर शाळेच्या वाटेवर पुन्हा दिसल्या नाहीत, हे आम्ही उभ्या नोकरीत पाहिले आहे. हुंडाप्रतिबंधक कायदा १९६१ साली झाला. परंतु ओसरीवरची बोलणी अद्याप संपलेली नाहीत.

आपले मंडळ वधू-वर परिचय मेळावा भरविते, सूची छापते. हे कार्य उपयुक्त आहे. त्यामुळे दूरच्या कुटुंबांचा खर्च व पायपीट वाचते. म्हणूनच तीन नम्र सूचना करतो. सूचीतील ‘वर्ण’ हा रकाना पुढील वर्षापासून काढून टाकावा. त्याच्या जागी ‘पुढील शिक्षणाविषयी स्वतःची इच्छा’ असा रकाना घालावा व तो मुलीने स्वतःच्या हाताने भरावा. आणि रीतसर परवानगी घेऊन पुढील मेळाव्याच्या आदल्या सायंकाळी ‘स्थळ’ सर्वांना दाखवावा. विशेषतः वरपित्यांना पहिल्या रांगेत बसवावे.

डोंगरगावची गोष्ट टोरांटोस समजली. ती झरी जामणीस समजू नये, असे होऊ नये. एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!