पाच-सहा मिलिमीटरांचे अंतर



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर मोठमोठे विषय मांडले जातात. आम्ही आज निवडलेला विषय मुठीत मावणारा आहे: मोबाईलचा चार्जर. घरोघरी तो भिंतीला लटकलेला असतो आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते. परंतु भिंतीतली २३० व्होल्टांची वीज आणि आपल्या लेकराचा हात यांच्यामध्ये उभी असते ती एवढीच डबी. म्हणून तिच्या पोटात काय आहे, हे एकदा पाहणे अगत्याचे आहे.

भिंतीतून येणारी वीज सारखी दिशा बदलत असते. चार्जर प्रथम तिला एकाच दिशेने वाहायला लावतो. तेव्हा तिचा दाब सुमारे सव्वातीनशे व्होल्टांपर्यंत चढतो. मग एक इवलासा इलेक्ट्रॉनिक खटका तिला सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरकडे धाडतो. त्यात तारेची दोन वेटोळी असतात. ती एकमेकांना जोडलेली नसतात. शक्ती पलीकडे जाते ती चुंबकत्वाच्या वाटेने. साध्या चार्जरात पलीकडे पाच व्होल्ट मिळतात. म्हणजे एकाच डबीत दोन मुलूख नांदतात, एक प्राणघातक आणि एक निरुपद्रवी. त्यांच्यामधली सीमा राखणे हे चार्जरचे सर्वांत मोठे काम होय.

सीमा राखायला पैसे पडतात. चांगल्या चार्जरात दोन्ही बाजूंच्या तांब्याच्या रेषांमध्ये साधारण पाच-सहा मिलिमीटर अंतर सोडलेले असते. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या तारेवर पुष्कळदा तिहेरी वेष्टन असते. दोन्ही मुलुखांना जोडणारा एक लहान कपॅसिटर असतो, तोही खास जातीचा. बिघडला तरी विजेला वाट मोकळी करून देणार नाही, अशा बेताने घडवलेला. निकृष्ट मालात नेमकी इथेच काटकसर होते. अंतर एक मिलिमीटरच्याही आत येते, तिहेरी वेष्टनाच्या जागी साधी तार येते, खास कपॅसिटरच्या जागी बाजारात मिळेल तो बसतो. त्यात उष्णतेने वेष्टन वितळले किंवा पावसाळ्यात आत दमट धूळ साचली, की सीमा पुसली जाते आणि फोनच्या वायरीत भिंतीतली वीज उतरते.

आता कोणी विचारील, आत फ्यूज असतो ना? चांगल्या चार्जरात असतो. पण तो आगीपासून राखण करतो, माणसाची नाही. फ्यूज उडायला एक-दोन अँपिअर प्रवाह लागतो, आणि माणसाचे हृदय थांबवायला अँपिअरचा काही शतांश भाग पुरतो. वैशाखाच्या रात्री लेकरू उघड्या फरशीवर घामेजून निजलेले, फोन चार्जिंगला लावून हातात धरलेला. तिथे फ्यूजला पत्ताही लागणार नाही.

ही भीती काल्पनिक नाही. २०१४ साली ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात एका तरुणीच्या मृत्यूनंतर तेथील सरकारी खात्याने अशा स्वस्त चार्जरांविरुद्ध जाहीर इशारा दिला. यूएल या अमेरिकेतील तपासणी संस्थेने आयफोनचे ४०० नकली अॅडॅप्टर तपासून २०१६ साली अहवाल काढला. सर्व कसोट्यांना उतरले फक्त तीन. बारा तर थेट जीव घेऊ शकतील इतके वाईट निघाले. आणि लक्षात घ्या, वाईट चार्जरनेही फोन भरतोच. म्हणूनच तो खपतो.

या अमळनेरात हा धडा नवा नसावा. १९४५ साली इथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्सचा वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. पुढे त्याचीच विप्रो झाली. वनस्पती तूप म्हणून विकले तर त्यात गैर काहीच नव्हते. फसवणूक होती ती साजूक तुपात ते मिसळण्यात. म्हणून कायद्याने वनस्पतीत तिळाचे तेल घालणे सक्तीचे केले. प्रयोगशाळेत तिळाच्या तेलाला तांबूस रंग येतो आणि भेसळ आपणहून बोलते. चार्जर मात्र आपणहून बोलत नाही. त्याच्यासाठी २०१२ च्या आदेशाने भारतीय मानक ब्यूरोकडे अनिवार्य नोंदणीची पद्धत सुरू झाली. नोंदलेल्या चार्जरवर मानकचिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा आठ अंकी क्रमांक असतो. पण छापील आकडा कोणीही छापू शकतो. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये तो घालून उत्पादकाचे नाव जुळते का, हे पाहावे.

गरिबाने महागडा चार्जर कुठून आणावा, हा प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, घरात तीन निकृष्ट चार्जर असण्यापेक्षा एक नोंदलेला असावा आणि तो सर्वांनी वापरावा. दुकानदाराकडून पावती मागावी. चार्जर तडकला, करपट वास आला, पिना डुगडुगू लागल्या, तर तो दुरुस्त करू नये, टाकून द्यावा. फोन चार्जिंगला असताना मुलांच्या हाती देऊ नये. आणि घराच्या मीटरपाशी तीस मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवून घ्यावा. गळणारी वीज माणसाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागली, तर क्षणार्धात पुरवठा तोडणारा तोच आहे.

आपले वाडवडील धान्य निवडून घेत, तूप हुंगून घेत. डबीच्या आतले निवडता येत नाही, हुंगता येत नाही; पण तिच्यावरचे वाचता येते. आज घरी गेल्यावर आपल्या भिंतीवरचा चार्जर उलटा करून एवढे वाचावे, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.