फाटलेला आवाज

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. त्यामुळं आज मी विजेच्या एका यंत्राविषयी बोलणार आहे असं कळल्यावर आमच्या घरात हसू पिकलं. पण गेल्या महिन्यात या यंत्रानं आमच्या घरी दोन दिवस मुक्काम केला आणि माझी एक जुनी समजूत खोटी पाडून ते परत गेलं. ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

पंढरपूरहून टेंभुर्णीकडे जाताना आमचं करकंब लागतं. आजूबाजूला ऊस आणि केळी. अशा गावात माझा पुतण्या इलेक्ट्रिक गिटार वाजवतो आणि त्याचा मित्र बेस गिटार. गणपतीत, लग्नात, वाढदिवसात वाजवून दोघांनी थोडे पैसे साठवले होते. त्यांना एक पेडल घ्यायचं होतं, ‘ओव्हरड्राइव्ह’ नावाचं. पुण्यातल्या एका ओळखीच्या मुलानं आपलं जुनं पेडल दोन दिवस वाजवून बघायला दिलं. पटलं तर पाच हजार, नाही पटलं तर परत. प्रश्न असा होता की एकच पेडल गिटार आणि बेस दोघांना चालेल का? दोन घ्यायची ऐपत नव्हती. आणि कमी पडलेले दीड हजार चाचाच्या खिशातून निघणार होते, म्हणून परीक्षेला मलाही बसवलं.

हे पेडल म्हणजे साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठी लोखंडी डबी. वर तीन बटणं फिरवायची, ड्राइव्ह, टोन आणि लेव्हल. मधोमध एक कळ, ती पायानं दाबायची, कारण वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. गिटारची वायर डबीत शिरते, डबीतून निघून अॅम्प्लिफायरला जाते. आत नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. कळ दाबली की आवाज फाटतो.

मी विचारलं, “अरे, आवाज फाटू नये म्हणून लोक पैसे खर्च करतात. तुम्ही फाडण्यासाठी करता?”

पुतण्या म्हणाला, “चाचा, फट्या नै, फाड्या है.” म्हणजे आपोआप फाटलेला वेगळा आणि मुद्दाम फाडलेला वेगळा.

मग त्यानं वहीत चित्र काढून दाखवलं. आवाजाची लाट म्हणजे एकामागून एक टेकड्या. अॅम्प्लिफायर त्या टेकड्या उंच करतो, पण त्याच्या उंचीलाही मर्यादा आहे. आपल्या जुन्या घरांच्या दारासारखं समजा. उंच माणूस ताठ आत शिरला की चौकट कपाळाला लागणारच. तसा लाटेचा माथा वर आपटतो आणि छाटला जातो. एकदम सपाट छाटला तर आवाज करकरीत, कर्कश होतो. माथा हळूच गोल दाबला तर त्यात जी ऊबदार खरखर येते, ती ओव्हरड्राइव्ह. छाटल्यामुळं मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे नवे स्वर त्यात जन्माला येतात. कान त्यालाच भरदार म्हणतो.

हे ऐकताना मला तंबोरा आठवला. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावतात, तेव्हा तार घोडीला अगदी निसटती घासते आणि त्या घासण्यातूनच वरचे स्वर गुंजायला लागतात. धागा काढला तर तार स्वच्छ वाजते, पण तंबोरा मुका वाटतो. हे काम मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांनी, ही कारागिरी उचलली. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं मोठं नाव. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आणि त्या तंबोऱ्यांचे भोपळे पिकतात आपल्या पंढरपूर-मंगळवेढा भागात. म्हणजे खरखरीची आवड आमच्या मातीला नवी नाही!

अमेरिकेतली गोष्ट तर गमतीची आहे. मार्टी रॉबिन्स या गायकाच्या ‘डोन्ट वरी’ गाण्याचं ध्वनिमुद्रण नॅशव्हिलला चाललं होतं. ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत होते. यंत्रातला एक ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि बेसचा आवाज चिरफाळून आला. तो तसाच ठेवला, गाणं गाजलं. तिथले ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो बिघाड ट्रान्झिस्टर वापरून मुद्दाम पुन्हा बनवला आणि 1962 साली त्याची डबी बाजारात आली. पुढं 1964 साली इंग्लंडच्या डेव्ह डेव्हिसनं तर आपल्या स्पीकरचा कागद ब्लेडनं कापला. त्या डबीचं मूळ बेसच्या बिघाडात आहे, हे ऐकून आमचा बेसवाला खूष झाला. त्याची खुषी फार टिकली नाही.

आधी घराचीच परीक्षा झाली. पेडल लावलं आणि खोलीभर गुरगुर सुरू. तारांना हात लावला की कमी, हात काढला की पुन्हा. हे पेडल बारीकसारीक आवाजही वर उचलतं, त्यामुळं एरवी न कळणारा दोष आता ओरडून सांगू लागला. शेजारचा वायरमन आला. त्यानं बघितलं तर भिंतीतल्या तीन पिनच्या सॉकेटची अर्थिंगची वायर कुठंच जोडलेली नव्हती. इतकी वर्षं आम्ही तशाच सॉकेटवर इस्त्री वापरली! परसातला अर्थिंगचा जुना खड्डा उकरला, मीठ-कोळसा घातला, वायर जोडली, दोन बादल्या पाणी ओतलं. गुरगुर बसली. श्रोतेहो, तुमच्याकडं गिटार नसली तरी आपल्या घरची अर्थिंग एकदा तपासून घ्या.

गिटारवर पेडल फार छान बोललं. हलक्या हातानं छेडलं तर आवाज जवळजवळ स्वच्छ, जोरात मारलं तर खर. गिटारचं बटण जरा कमी केलं की पुन्हा निवळ. एक गोष्ट मात्र लक्षात आली. षड्ज आणि पंचम एकत्र वाजवले तर देवळातल्या घंटेसारखं भरून येतं, त्यात गंधार मिसळला की चिखल. कारण डबी नुसते स्वर वाढवत नाही, दोन स्वरांच्या बेरजा-वजाबाक्या करून तिसरेच स्वर तयार करते. षड्ज-पंचमाचा हिशेब सरळ आहे, दोनास तीन. गंधाराचा तेवढा सरळ नाही.

मग बेस लावला. आमच्या माजघराला एक जुनी खिडकी आहे, तिची काच सैल आहे. बेसची जाडी तार वाजली की ती काच थरथरते. पेडलची कळ दाबली आणि काच गप्प झाली. आवाज तर मोठा येत होता! पण नुसता वरचा, मधमाश्यांसारखा. खालचा धर नाहीसा. बेसच्या सर्वांत जाड तारेची कंपनं सेकंदाला 41 असतात, गिटारच्या जाड तारेची 82. आणि या जातीच्या पेडलमध्ये खालचे स्वर मुद्दाम कमी फाडतात, म्हणजे गिटार गढूळ होत नाही. जे गिटारचं भलं करतं, त्यानं बेसचा पाया काढून घेतला. बेससाठी वेगळी पेडलं असतात, त्यांना ‘ब्लेंड’ नावाचं चौथं बटण असतं. स्वच्छ आवाज खाली तसाच चालू ठेवायचा आणि त्यावर हवी तेवढी खरखर मिसळायची.

हे चौथं बटण मला फार आवडलं. मी मराठीत लिहायला लागलो तेव्हा कविसंमेलनात लोक कौतुकानं म्हणत, “तुमची मराठी किती शुद्ध हो!” त्या कौतुकापायी मी वहीतल्या ओळी घासत बसायचो. अम्मीच्या तोंडचं ‘सालन’ काढून तिथं ‘कालवण’ घातलं आहे मी. कालवण हा चांगला शब्द आहे, पण आमच्या चुलीवर ते शिजत नव्हतं.

असो. खरी गोष्ट पुढंच आहे.

माझे अब्बा कव्वाली पार्टीत बेंजो वाजवत. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारख्या कळा असलेलं, बुलबुल तरंगाच्या जातीचं वाद्य. 1912 च्या सुमारास जपानमधल्या नागोया शहरात असं वाद्य निघालं आणि फिरत फिरत आपल्याकडं आलं. 2016 साली रवी जाधवांनी ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपट काढला, तो याच वाद्याचा. अब्बांच्या बेंजोला पिकअप बसवलेला होता. एका गावच्या उरुसात, 1982 साली, रात्रभर कव्वाली चालली. मी बारा वर्षांचा, सोबत गेलो होतो. पहाटे शेवटच्या कव्वालीला भोंग्यातून बेंजोचा आवाज चिरकू लागला. लोक हसले. आयोजकांनी ठरलेल्या बिदागीतून पैसे कापले. परतताना बैलगाडीत सगळ्यांसमोर मी म्हणालो, “अब्बा, तुम्हीच बटण जास्त फिरवलंत. आवाज फाडलात.” ते काही बोलले नाहीत. त्या वर्षानंतर बेंजो माळ्यावर गेला. ते आता नाहीत.

पेडलच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गिटारचा आवाज बिघडला. कोणी बटणाला हात लावला नव्हता, तरी हलक्या हातालाही तो चिरकत होता. पुतण्यानं डबी उघडली, बॅटरी काढली. “बैटरी बैठ गई, चाचा.” मी विचारलं, बॅटरीचा आणि फाटण्याचा काय संबंध? तो म्हणाला, बॅटरी उतरली की दाराची चौकटच खाली येते. मग ठेंगण्या माणसाचंही कपाळ आपटतं.

मी त्याला विचारलं, मोठा अॅम्प्लिफायर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर रात्रभर चालवला तर पहाटे काय होईल?

तो म्हणाला, “हेच. वाजवणारा काय करणार त्याला?”

आत अम्मी भाकरी करत होत्या. वय ऐंशीच्या पुढं, पण कान तिखट. मी जाऊन त्यांना ती उरुसाची रात्र आठवते का विचारलं. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. म्हणाल्या, “तेरे अब्बा बोले थे ना. बैटरी बैठ गई थी करके.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“तू सो गया था.”

पेडल पुतण्यानं ठेवून घेतलं, माझे दीड हजार गेले. बेसवाल्याच्या वाट्याचे पैसे त्याला परत केले, तो आता चार बटणांच्या डबीसाठी साठवतो आहे. बेंजो माळ्यावरून खाली काढला आहे. तारा गंजल्या आहेत, दोन कळा अडकतात, पिकअपची वायर उंदरांनी खाल्ली आहे. पुढच्या आठवड्यात मी तो घेऊन मिरजेला जाणार आहे.