आहारदान आणि औषधदान

आपल्या परंपरेने आहारदान व औषधदान शेजारी-शेजारी ठेवले. व्यवहारात मात्र आपण रुग्णाला औषध देतो आणि त्याचे ताट विसरतो. क्षयरोगात तर अपुरा आहार हे आजाराचेच एक कारण. म्हणूनच निक्षय पोषण योजनेत एप्रिल 2018 पासून रुग्णाला दरमहा 500 रुपये मिळू लागले. नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले. झारखंडमध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांना सहा महिने जादा शिधा दिला, तेव्हा त्यांच्यात नवे क्षयरुग्ण 39 टक्क्यांनी कमी आढळले. हे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले.

मापल्याविना आपण कापड फाडत नाही. मग दरमहा वजन टिपल्याविना उपचार पूर्ण कसा मानावा? सूर्यास्तानंतर अन्न वर्ज्य करणाऱ्याने आपला नियम डॉक्टरांना व आहारतज्ज्ञांना आधीच सांगावा. म्हणजे आहार व गोळ्यांच्या वेळा दिवसा बसविण्याचा विचार त्यांना करता येईल.

या सुवर्णमहोत्सवी वर्षी आपल्या ट्रस्टने ‘निक्षय मित्र’ होऊन हिंगोली जिल्ह्यातील गरजू रुग्णांच्या घरी ज्वारी, तूर, मूग, शेंगदाणे पोहोचवावेत, ही नम्र विनंती. जात-धर्म न पाहता दिलेला हा शिधा म्हणजेच औषधदानाची पूर्तता होय.