तान्ह्या बाळांची शस्त्रक्रिया आणि आपण बायका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी आपल्याकडे कोणी पाककृतींवर बोलते, कोणी बचतीवर. या खेपेस मला आग्रह झाला, तेव्हा मी तान्ह्या मुलांच्या शस्त्रक्रियेचा विषय घेतला. सातवी शिकलेल्या बाईने डॉक्टरांच्या प्रांतात कशाला शिरावे, असे कोणाच्या मनात येईल. पण बाळाला न्हाऊ घालणारी, त्याची दुपटी बदलणारी बाईच असते. खोट आधी तिच्याच नजरेस पडते. म्हणून हा विषय आपलाही आहे.

तान्हे मूल म्हणजे मोठ्या माणसाची लहान प्रतिमा नव्हे. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असते जेमतेम पाव लिटर. चार चमचे सांडले तरी त्याला ते भारी पडते. उघड्यावर ठेवले तर ते घटकाभरात गार पडते. म्हणून मुलांचा शल्यचिकित्सक वेगळा शिकावा लागतो. साडेपाच वर्षे पहिली पदवी, तीन वर्षे मोठ्यांची शस्त्रक्रिया आणि पुढे आणखी तीन वर्षे फक्त मुलांची. एवढे शिकून तयार होणारी माणसे थोडीच, आणि तीही बहुधा शहरात. मुंबईत परळला बाई जेरबाई वाडिया यांच्या नावाचे मुलांचे रुग्णालय १९२९ साली उघडले. देशातील बालशल्यचिकित्सकांची संघटना १९६५ साली उभी राहिली. काम वाढले, पण खेडी अजून लांबच आहेत.

२०२१ साली ७४ देशांतील रुग्णालयांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. जन्मतःच आतड्यात किंवा अन्ननलिकेत दोष असलेली बाळे किती दगावतात, ते त्यात पाहिले होते. श्रीमंत देशांत शंभरांत पाच-सहा, मधल्या देशांत वीस आणि गरीब देशांत चाळीस. दोष तोच, आणि मरण मात्र सातपट! याची कारणे ऐकण्यासारखी आहेत. बाळ उशिरा पोहोचते. पोहोचेपर्यंत गारठलेले असते, अंगात विष भिनलेले असते. भूल देणारा जाणकार नसतो, श्वासाचे यंत्र नसते. यंत्र आणणे आपल्या हाती नाही. वेळेवर आणि ऊब देऊन पोहोचवणे मात्र आहे.

माझ्या भाचीच्या मुलीचेच सांगते. जन्मतः तिला शीची जागा नीट नव्हती. एके ठिकाणी सांगितले, "गॅस आहे, होईल मोकळी." घरातलेही म्हणाले, मुलगी आहे, बोभाटा नको. पोट नगाऱ्यासारखे फुगले तेव्हा भाचीच्या सासूबाईच उठल्या, म्हणाल्या, "लोक काय म्हणतील ते मागून बघू," आणि त्याच रात्री पुण्याला नेले. पोटावर तात्पुरती वाट काढली, काही महिन्यांनी खरी जागा केली, मग वरची वाट बंद केली. वर्षभर हे चालले.

त्या वर्षात खरे काम आईने केले. पोटावर लावायच्या पिशव्या महाग, म्हणून जुन्या धोतराची मऊ फडकी उकळून, उन्हात वाळवून ती बांधायची. कातडी सोलू नये म्हणून मलम लावायचे. नवी जागा आकसू नये म्हणून रोज एक गुळगुळीत सळई घालायची असते. तेही डॉक्टरांनी भाचीला हाताला धरून शिकवले. तेव्हा मला कळले की या विद्येचे शिक्षण दोघांना लागते, डॉक्टरला आणि आईला. आज ती मुलगी पाचवीत आहे, आणि लंगडीत कोणाला हार जात नाही.

भगिनींनो, चार खुणा तेवढ्या पदराशी बांधून ठेवा. पहिली, जन्मल्यावर शीची जागा आहे का ते पाहावे, आणि चोवीस तासांत काळी शी झाली नाही तर दाखवावे. दुसरी, हिरवी उलटी. ती झाली की गुटी नको, दृष्ट काढणे नको, तोंडाने काही देऊ नये; तडक रुग्णालय गाठावे. तिसरी, तोंडाला सारखा फेस आणि पाजताना गुदमरून निळे पडणे. चौथी, दोन आठवड्यांनंतरही कावीळ आणि शी पांढुरकी. त्यावर शस्त्रक्रिया आहे, पण ती दोन महिन्यांच्या आत झाली तर गुण येण्याचा संभव अधिक. नेताना बाळाला उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्यावे. आईच्या अंगाइतकी चांगली शेगडी दुसरी नाही.

पैशाची भीती सर्वांनाच असते. २०१३ साली पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मुलांच्या शस्त्रक्रियाही बसतात. शिधापत्रिका आणि आधार जपून ठेवा. रात्री-अपरात्री १०८ ला फोन करा. पुण्याचा हमरस्ता सारोळ्यावरूनच जातो. रस्ता आहे, ससूनसारखे मोठे रुग्णालयही आहे. आडवी येते ती लाज आणि "उद्या बघू".

माझी मंडळाला एक विनंती आहे. गावात कोठेही बाळंतीण घरी आली की आपल्यापैकी एकीने दुसऱ्याच दिवशी जाऊन या चार गोष्टी विचाराव्यात. भिशीतून थोडी रक्कम अडल्या वेळच्या गाडीभाड्यासाठी बाजूला काढावी. मुलगा असो वा मुलगी, गाडी तितक्याच लगबगीने निघाली पाहिजे.