वाइनच्या बागेंतील बारा महिने

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असें कोणी विचारलें तर मी अडचणींतच पडेन. मी शेतकरी नाहीं आणि मद्याचा रसिकही नाहीं. ज्या घरांत मी वाढलों तेथें औषधांच्या फळीवर द्राक्षासवाची बाटली असे. जेवणानंतर दोन चमचे, समभाग पाण्यांतून, असा आजोबांचा नियम. त्या बाटलींतही आंबवलेल्या द्राक्षांचें मद्य असतें हें त्यांना ठाऊक नव्हतें असें नाहीं. पण तें आसव आणि बाकीची सगळी दारू, असा भेद आमच्या घरानें कायमचा करून टाकला होता. एवढ्याच भांडवलावर मी नाशिकजवळ, दिंडोरी तालुक्यांतील एका घरच्या बागेंत गेलीं कित्येक वर्षें जात-येत आहें. दोघे भाऊ आहेत. थोरला माझा जुना विद्यार्थी. तो वाइन करतो. धाकटा बाग पाहतो. आणि दोघांच्याही वर त्यांच्या आई आहेत.

युरोपांतील द्राक्षबागेचें चित्र आपण पुस्तकांतून पाहतों. हिंवाळ्यांत वेल निष्पर्ण होऊन झोंपते, वसंतांत जागी होते, शरदांत तिचीं फळें उतरतात. वर्षाला एक छाटणी आणि एक पीक. आपल्याकडे वेलीला झोंप म्हणून नाहीं. दख्खनची थंडी ती काय! वेलीनें निजून जावें एवढीही ती पडत नाहीं. मोकळी सोडली तर वेल वाढतच राहील, आणि फळ धरलेंच तर केव्हांही व कसेंही धरील. म्हणून ऋतूचें काम येथें कात्रीला करावें लागतें, आणि तेंही वर्षांतून दोनदां.

पहिली ती एप्रिलांतील खरड छाटणी. ऊन मी म्हणत असतें, आणि त्या उन्हांत वेली पार ओलांड्यापर्यंत खरडून काढतात. बाहेरच्या माणसास वाटावें, बाग मोडली! मलाही पहिल्या वर्षीं तसेंच वाटलें होतें. पण त्यानंतर जे फुटवे येतात त्यांच्याच काड्या होतात, आणि त्या काड्यांच्या डोळ्यांत, मे-जूनच्या सुमारास, पुढच्या माघांतला घड सूक्ष्मरूपानें तयार होऊन बसतो. त्या दिवसांत आभाळ भरून राहिलें, काडीला ऊन मिळालें नाहीं, तर घडाची नुसती बाळी होते. म्हणजे वेल आधारासाठीं जो तंतू फेंकते तो. "सर, लोक बाग पाहायला फेब्रुवारींत येतात," धाकटा एकदां म्हणाला, "पण पीक ठरतं तें जूनमध्यें. तेव्हां कोणी येत नाहीं."

पावसाळा सरतांना, सप्टेंबर-ऑक्टोबरांत, दुसरी छाटणी. तिचें नांव गोडी छाटणी, आणि हें नांव ज्यानें दिलें त्याला भाषेचा कान चांगला असला पाहिजे. या वेळीं काडीवर मोजकेच डोळे ठेवतात आणि ते एकदम फुटावेत म्हणून प्रत्येक डोळ्याला एक रसायन लावतात. हें काम हातमोजे घालून करावयाचें असतें. त्यांतली गंमत अशी कीं या रसायनाशीं ज्याचा संबंध आला त्यानें त्या दिवसांत मद्याचा थेंबही घ्यावयाचा नाहीं. घेतला तर तोंड लाल होतें, छाती धडधडते, जीव घाबराघुबरा होतो. तेव्हां वाइनच्या बागेंत वर्षांतले कांहीं दिवस कडकडीत दारूबंदीचे असतात, आणि ती कोणा अंमलदारावांचून पाळली जाते.

मग फुटवे, फुलोरा, मणी. मधल्या काळांत केवडा आणि भुरी हे दोन रोग, त्यांवरच्या फवारण्या, पहाटे उठून पानें उलटीं करून पाहणें. तें सर्व सांगत बसलों तर आपली वेळ संपेल. जानेवारींत मण्यांत पाणी उतरतें: कठीण मणी मऊ होतो, काळ्या जातीला रंग चढूं लागतो. वाइनचें द्राक्ष पाहून मुलें नेहमीं निराश होतात. मणी बारीक, साल जाड, आंत बिया. खाण्याच्या द्राक्षाचें एकरीं दहा टन पीक निघत असेल तर याचें चार-पांच टनांवर मुद्दाम थांबवतात. वेलीवर भार थोडा असेल तरच रसांत कांहीं उतरतें.

हीच जाड साल एकदां या घराच्या गळ्याशीं आली होती. नाशिककडे खाण्याचीं द्राक्षें पुष्कळ आधींपासून होतीं. वाइनचें म्हणाल तर पुणें जिल्ह्यांत नारायणगांव येथें १९८० च्या दशकांत फेसाळ वाइन होऊं लागली होती. पण नाशिकला सुला वायनरीची पहिली वाइन २००० सालीं आली, आणि २००१ सालीं महाराष्ट्र सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें. त्या उत्साहांत अनेकांप्रमाणें यांनींही सहा एकर वाइनच्या जाती लावल्या. एका कारखान्याशीं लेखी करार होता. पुढें २००८ च्या मंदींत खप घसरला, पुष्कळ वायनऱ्या बंद पडल्या, आणि एका वर्षीं तोडणीचे दिवस आले तरी यांचा माल न्यावयास कोणी आलें नाहीं; निरोपही आला नाहीं. खाण्याचें द्राक्ष असतें तर रस्त्यावर टोपल्या मांडून विकतां आलें असतें. हें कोण खाणार? बेदाणा करावा, तर मण्यांत बिया. वेलींवर द्राक्षें सुकलीं. त्या उन्हाळ्यांत तीन एकर वेली यंत्रानें उपटून टाकल्या. राहिलेल्या तीन एकरांपायीं थोरल्यानें नोकरी सोडली, परवाना मिळवला, बंद पडलेल्या एका वायनरीच्या पोलादी टाक्या लिलावांत घेतल्या आणि घरींच वाइन करावयास आरंभ केला.

यावर आईंचें मत काय होतें? आई माळकरी आहेत. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरीं निवृत्तिनाथांची यात्रा भरते. गुडघे चालत होते तोंवर त्या दिंडीबरोबर पायीं जात. गांवांतल्या दारूच्या दुकानावर बायकांचें मतदान झालें तेव्हां त्यांनीं आडव्या बाटलीवर शिक्का मारला, आणि घरीं येऊन तसें मुलांना सांगितलेंही. मुलांनीं वाइन करण्याचें ठरवलें तेव्हां त्या इतकेंच म्हणाल्या, "द्राक्षं मी पिकवीन. टाकीच्या खोलींत मला बोलावूं नका." हा करार मात्र आजवर कोणी मोडलेला नाहीं.

यात्रेहून परतलें कीं आईंचा बागेंतला दुसरा नेम सुरू होतो. त्या रोज सकाळीं ओळींतून फिरतात, निरनिराळ्या वेलींचे चार-सहा मणी तोंडांत टाकतात, साल चावतात, बी तळहातावर काढून पाहतात आणि दांतानें फोडतात. धाकट्याच्या खिशांत साखर मोजण्याची दुर्बिणीसारखी नळी असते. रसाचा थेंब तिच्या कांचेवर ठेवून उजेडाकडे धरला कीं अंश दिसतात. बावीस अंश साखर भरली म्हणजे सुमारें साडेबारा टक्के मद्यार्काची वाइन होईल, असा हिशेब. पण नळीला साखर तेवढी कळते. साल तुरट आहे कीं कडवट, बी हिरवी आहे कीं भाजल्या दाण्यासारखी तपकिरी, हें दांतांना कळतें. आईंनीं वाइनचा थेंब कधीं चाखला नाहीं, आणि या घरची प्रत्येक वाइन प्रथम त्यांनींच चाखलेली असते.

२०१४ च्या फेब्रुवारींत कॅबर्ने सोव्हिन्याँचे दीड एकर उभे होते. नळींत एकवीस अंश. आईंनीं बी फोडून पाहिली. "हिरवीच आहे अजून. आठ दिवस थांबा." धाकट्याला हवामानाचा अंदाज चैन पडूं देईना. दोघां भावांचा वाद झाला, जेवणें तशींच राहिलीं, आणि शेवटीं अर्धी बाग तोडावयाची व अर्धी राखावयाची असें ठरलें. सुरगाणा-पेठकडच्या बायका तोडणीला येतात. पहाटे चार वाजतां, कपाळावर दिवे बांधून, थंड मणी थंडच क्रेटमध्यें भरले गेले. त्यानंतर गारा आल्या. त्या वर्षीं फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रांत जी गारपीट झाली ती आपणांपैकीं अनेकांस आठवत असेल. राखलेल्या अर्ध्या बागेंत पान राहिलें नाहीं. आई तीन दिवस कोणाशीं बोलल्या नाहींत.

गेल्या माघांत मी गेलों तेव्हां मुंबईचे दोन पाहुणे आले होते आणि ओसरीवर चाखण्याची बैठक बसली होती. या विधीचें प्रथम मला हसूं येई. पेला पांढऱ्या कपड्यापुढें धरून रंग पाहावयाचा, हिंदकळून वास घ्यावयाचा, घोट तोंडांत घोळवावयाचा आणि थुंकावयाचा. थुंकण्यासाठीं घरांतली आजेसासूबाईंच्या वेळची पितळी पिकदाणी चिंचेनें घासून मांडलेली! पानाच्या बैठकी संपल्यावर माळ्यावर पडलेल्या त्या भांड्याला असें काम मिळेल असें कोणास वाटलें असतें? पण आतां मला त्यांत हसण्यासारखें वाटत नाहीं. चाखणारा माणूस शुद्धींत राहावा म्हणूनच ती पिकदाणी आहे.

पाहुण्यांपैकीं एक जाणकार होते. पांढऱ्या वाइनला त्यांनीं इंग्रजी ग्रंथांतले शब्द लावले. त्यांतल्या एका फळाला कोशांत आपण आवळा म्हणतों, पण तें आपला आवळा नव्हे. तें मीं पाहिलें नाहीं आणि बहुधा त्यांनींही पाहिलें नसावें. थोरल्यानें शांतपणें म्हटलें, "आम्ही पिकायला आलेला पेरू म्हणतों." मीं पेला नाकाशीं नेला. पेरूच होता. शिराझला त्यानें जांभूळ आणि मिरें म्हटलें, आणि तेंही लागलींच पटलें. तुरट या चवीला तर आपली भाषा किती जुनी सरावलेली आहे! इंग्रजीला तिच्यासाठीं शास्त्रांतला जड शब्द आणावा लागतो. आपल्या पोरांना सुपारी, हिरडा, कच्चें केळें यांवरून ती जन्मतः ठाऊक.

पाहुणे गेल्यावर थोरल्यानें कपाटांतून २०१४ ची बाटली काढली. अशा बाराच ठेवल्या होत्या, त्यांतल्या आतां थोड्या उरल्या आहेत. रंग विटेवर गेलेला, चव उतरलेली. पण वास स्पष्ट, ढोबळी मिरची चिरल्यासारखा. कॅबर्ने पुरतें पिकण्याआधीं तोडलें तर हा वास रसांत उतरतो आणि वर्षानुवर्षें जात नाहीं. ती वाइन विकण्यासाठीं भाव बराच पाडावा लागला होता.

आई ओसरीच्या कडेला तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्यांनीं हात पुढें केला. मी चपापलों, थोरला मात्र चपापला नाहीं, त्यानें पेला दिला. आईंनीं तो ओठांपासून दूर धरून नुसता हुंगला.

"ही गारांच्या वर्षाची," त्या म्हणाल्या. "बी हिरवी होती. मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस," धाकटा म्हणाला. "आणि तुझं ऐकून ठेवली ती अर्धी गेली."

"ती गेलीच," आई म्हणाल्या. पेला थोरल्याच्या हातांत देऊन त्यांनीं सूप पुन्हा पुढ्यांत ओढलें, आणि उद्यां तोडणीला येणाऱ्या बायकांचा चहा किती वाजतां करावयाचा तें विचारलें.