एम्. ए. समाजशास्त्र : खर्च आणि कस

बी. ए.चे निकाल लागले, पेढे वाटून झाले, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अभिनंदन स्वीकारून झाले, की मध्यमवर्गीय घरांत एक अवघड संध्याकाळ उगवते. रात्रीच्या जेवणानंतर वडील चष्मा पुसत विचारतात, "आता पुढे काय?" उत्तर कायद्याचे अथवा वाणिज्याचे आले, तर बोलणे फीच्या आकड्यावर येऊन थांबते. मुलीने "समाजशास्त्रात एम्. ए." असे उत्तर दिले, तर मात्र ते फीच्याही आधी एका प्रश्नावर अडते : ते शिकून करायचे काय?

अशा एका घराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. वडील जिल्ह्याच्या गावी सहकारी बँकेत कारकून, निवृत्तीस तीन वर्षे उरलेली. धाकटा मुलगा बारावीत. मेजावर तीन कागद पडलेले आहेत. एक सरकारी विद्यापीठाचे साधे माहितीपत्रक. दुसरे खासगी संस्थेचे, गुळगुळीत कागदावर छापलेले, हिरवळीची आणि काचेच्या इमारतींची चित्रे असलेले. तिसरे घरबसल्या पदवी देणाऱ्या मुक्त विद्यापीठाचे. खासगी संस्थेची फी लाखांत आहे, म्हणून तेथील शिक्षण चांगले असले पाहिजे, असा वडिलांचा तर्क. कर्ज काढण्याचीही त्यांची तयारी आहे. आई इतका वेळ गप्प असते. मग ती विचारते, "दुकानाची पाटी बघून का कोणी धान्य घेतं? मूठभर हातावर घेऊन बघतो ना आपण?"

या एका वाक्यात निवडीचे सारे तत्त्व आले. पाटीवरून धान्याची परीक्षा होत नाही, आणि भावावरूनही होत नाही.

समाजशास्त्राचे धान्य हातावर घेऊन पाहावयाचे म्हणजे काय पाहावयाचे? याचे उत्तर महाराष्ट्रास दूर शोधावे लागत नाही. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग 1919 साली सुरू झाला. त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार. स्थळ, काम आणि लोक या तिहींचा एकत्र अभ्यास झाल्यावाचून समाज समजत नाही, ही त्यांची शिकवण. पुढे 1924 साली मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये विभागाचे प्रमुख झाले. त्यांच्या हाताखाली इरावती कर्वे यांनी चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहून 1928 साली एम्. ए. केले. म्हैसूरहून आलेले एम्. एन्. श्रीनिवास यांनी तेथेच आपल्या प्रांतातील विवाह आणि कुटुंब या विषयावर एम्. ए.चा प्रबंध लिहिला, आणि 1942 साली त्याचे पुस्तक झाले. 1959 साली दिल्लीत समाजशास्त्राचा विभाग उभारणारे श्रीनिवास ते हेच. या विद्यार्थ्यांस घडविले ते इमारतीने नव्हे. लक्ष घालणारा गुरु, प्रत्यक्ष लोकांत जाऊन केलेला अभ्यास आणि हाताशी असलेली पुस्तके, या तीन गोष्टींनी ते घडले. आजही कस पाहावयाचा तो याच तिहींचा.

प्रथम गुरूंविषयी. विभागात कायम नेमणुकीचे अध्यापक किती आणि तासिकेच्या हिशेबाने येणारे किती, हा पहिला प्रश्न. तासिकेवर येणारे शिक्षक विद्वान नसतात असे नव्हे. परंतु दोन वर्षांनी शिफारसपत्र देण्यास अथवा प्रबंधाचा मसुदा वाचण्यास ते तेथे असतीलच, याची शाश्वती नसते. हे अध्यापक कोणत्या विषयांत काम करतात, तेही आता घरी बसून पाहता येते. भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचा 'शोधगंगा' नावाचा संग्रह सर्वांस विनामूल्य खुला आहे. त्यात मार्गदर्शकाचे नाव घालून पाहावे. ज्या मुलीस ग्रामीण स्त्रियांच्या श्रमाचा अभ्यास करावयाचा आहे, तिला त्या वाटेने गेलेला एकही मार्गदर्शक विभागात आढळला नाही, तर संस्थेचे नाव कितीही मोठे असो, ते तिच्या उपयोगाचे नाही.

संस्थेच्या मानांकनाचा मोहही आवरता घ्यावा. 1994 साली स्थापन झालेली राष्ट्रीय मूल्यांकन परिषद श्रेणी देते ती संपूर्ण संस्थेस. त्या श्रेणीत प्रयोगशाळा येतात, क्रीडांगणे येतात, कारभारही येतो. समाजशास्त्राच्या एका विभागाची प्रकृती तिच्यावरून कळत नाही. श्रेणी पाहावी, पण ती उंबरठ्यासारखी. घर त्याच्या आत असते.

दुसरी गोष्ट अभ्यासक्रमाची. समाजशास्त्रीय सिद्धान्त आणि भारतीय समाज हे विषय बहुतेक सर्वत्र असतात. फरक पडतो तो संशोधनपद्धतीत. प्रश्नावली कशी करावी, मुलाखत कशी घ्यावी, आकडेवारीचा अर्थ कसा लावावा, हे जेथे करवून घेतले जाते आणि अखेरीस एक लहानसा प्रबंध स्वतः लिहावा लागतो, तेथील पदवीधराच्या हाती काहीतरी विद्या असते. "ते शिकून करायचे काय?" या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे. सर्वेक्षण करणाऱ्या संस्था, आरोग्य आणि ग्रामविकासाच्या योजना, वृत्तपत्रे यांस समाजाचे निरीक्षण करून ते नीट लिहिणारी माणसे लागतात. उरलेले अर्धे उत्तर अध्यापनाचे. त्याकरिता एम्. ए.स 55 टक्के गुण, राखीव प्रवर्गांस 50 टक्के, मिळवून राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्यावी लागते. तीत वरचा क्रमांक लागल्यास संशोधनासाठी मासिक वेतनही मिळते. ही वाट लांब आहे आणि कायमच्या जागा थोड्या आहेत, हे मुलीस आधीच सांगणे प्रामाणिकपणाचे होय.

तिसरी गोष्ट खर्चाची. येथे बहुतेक घरांची एक चूक होते : ती फीचाच आकडा पाहतात. समजा, दोन सरकारी विद्यापीठांची दोन वर्षांची फी सारखीच, वीस हजार रुपये, आहे. एका ठिकाणी वसतिगृहात जागा मिळते, आणि राहणे-जेवणे महिना पाच हजारांत भागते. दुसऱ्या ठिकाणी वसतिगृह अपुरे. बाहेर खोली घेऊन महिना अकरा हजार लागतात. वर्षाचे दहा महिने धरले, तर पहिल्या ठिकाणी एकूण खर्च एक लाख वीस हजार, दुसऱ्या ठिकाणी दोन लाख चाळीस हजार. फी एकच, आणि खर्च दुप्पट! म्हणून पहिले पत्र लिहावयाचे ते वसतिगृहाच्या चौकशीचे. शिष्यवृत्ती आणि फीमाफी यांच्या सरकारी योजनांचे अर्ज महाराष्ट्रात 'महाडीबीटी' या एकाच ठिकाणी करता येतात. उत्पन्नाचा दाखला वेळेवर न काढल्यामुळे हक्काचे पैसे गमावणारी घरे थोडी नाहीत.

वेळेचीही अशीच गोष्ट. दिल्ली, हैदराबाद येथील केंद्रीय विद्यापीठांचे प्रवेश एका सामाईक परीक्षेने होतात. तिचे अर्ज हिवाळ्यातच निघतात आणि परीक्षा मार्चच्या सुमारास होते. निकालाचे पेढे वाटून मग विचार करणाऱ्यांस ही दारे त्या वर्षापुरती मिटलेली आढळतात.

मुक्त विद्यापीठाचा कागद उपहासाने बाजूस सारण्याचे कारण नाही. नोकरी करणाऱ्यास, संसारात अडकलेल्या स्त्रीस अथवा आजारी माणसाच्या उशाशी बसणाऱ्यास तो मोठाच आधार आहे. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 साली स्पष्ट केले आहे. मात्र त्या संस्थेस त्या वर्षी त्या अभ्यासक्रमाची मान्यता आहे की नाही, हे आयोगाच्या यादीत पाहूनच पैसे भरावेत. दूरशिक्षणात उणीव राहते ती सहवासाची. वर्गात निराळ्या जातीची, निराळ्या प्रांताची मुले शेजारी बसून वाद घालतात, तोही समाजशास्त्राचा एक पाठच असतो, आणि तो टपालाने येत नाही.

राहिली पुस्तके. ग्रंथालय पाहावयाचे ते कपाटे मोजण्यासाठी नव्हे. ते किती वाजेपर्यंत उघडे असते, नियतकालिके चालू आहेत काय आणि मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास कोणी मदत करतो काय, हे विचारावे. महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांत उत्तरे मराठीतून लिहिता येतात. परंतु वाचन बरेचसे इंग्रजीच असते. ही दरी बुजविण्याकडे जो विभाग लक्ष देतो, तो गावाकडून आलेल्या मुलांचे निम्मे ओझे हलके करतो.

त्या घरातील मुलीने अखेरीस काय करावे? एक दिवस मोकळा काढून तिने वडिलांसह निवडलेल्या विभागात जावे. कार्यालयात फार वेळ न घालविता दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस गाठावे आणि दोनच गोष्टी विचाराव्यात : मागील महिन्यात किती तास झाले, आणि लिहिलेले कोणी वाचून परत दिले काय? या दोन उत्तरांत माहितीपत्रकाच्या चाळीस पानांहून अधिक माहिती असते.

कर्ज काढून घेतलेली पदवी नेहमीच वाईट असते असे नाही. पण ज्या विषयात पहिली काही वर्षे मिळकत बेताची असण्याचा संभव आहे, त्यात कर्जाचा हप्ता मुलीचे स्वातंत्र्यच गहाण टाकतो. आवडीचे संशोधन सोडून मिळेल ती नोकरी तिला धरावी लागते, आणि ज्यासाठी कर्ज काढले तेच हातचे जाते. धाकट्या भावाच्या शिक्षणाचे पैसे राखून, डोक्यावर ऋण न घेता जो विभाग तिला दोन वर्षे मनापासून शिकवील, तो त्या घरापुरता सर्वांत चांगला विभाग होय. समाजाचा अभ्यास करावयास निघालेल्या मुलीने आपल्या घराचा जमाखर्च आधी समजून घेतला, तर तिच्या शास्त्राचा पहिला धडा प्रवेशापूर्वीच झाला असे म्हणण्यास हरकत नाही.